बारावी जबानी

२ फेब्रुवारी

टिटवे,

तीन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. पाकिटावर माझा पत्ता तू इतका दाबून लिहिला आहेस की मागच्या बाजूने हात फिरवला तरी वाचता यावा. आत चार ओळी. 'छावणीत पोचलो. छोटी बरी आहे. महिन्याभरात जबानी घेणार म्हणतात. काय सांगायचं ते कळव.' वर 'दादा' नाही, खाली खुशाली नाही. असू दे. रागावलेली बहीण मला चालते. गप्प बसलेलीच सोसवत नव्हती.

चौदा महिने आणि तीन सरहद्दी, असं तुझ्यासोबत आलेल्या एका बाईने इथे कुणाला तरी सांगितलं. सात वर्षांचं पोर घेऊन. मी ते ऐकलं तेव्हा हातात ओली चादर होती, ती तशीच धरून उभा राहिलो. हो, चादर. तुझा भाऊ, भरल्या मैदानात ज्याच्या हातून माइक काढून घ्यावा लागायचा, तो इथे इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम करतो. गरम रुळांच्या यंत्रात एका बाजूने चादर घालायची, दुसऱ्या बाजूने कोरडी काढायची. दिवसाला सहाशे चादरी. बोलावं लागत नाही. यंत्राच्या आवाजात बोललं तरी ऐकू जात नाही. सगळे मला अजून मास्तरच म्हणतात, एवढंच शिल्लक आहे.

आता कामाचं. समोरचा अधिकारी वाईट असेलच असं नाही, पण कंटाळलेला नक्की असेल. दिवसात आठ-दहा जणांचं दुःख तो टिपून घेतो. तुला बोलताना मधेच मागे जायची सवय आहे, 'अगं बाई, ते राहिलंच' म्हणायची. तिथे तसं केलंस की संपलं. मी खाली लिहून देतो ते शब्दाला शब्द पाठ कर.

'संध्याकाळचे सहा वाजले होते. मी कणीक मळत होते. चौघे आले. दाराशी पायपुसण्याला बूट पुसून मग ते आत आले. एकाने विचारलं, छापखाना तुझ्या नवऱ्याचा का? मी हो म्हटलं. त्यांनी घर उलटंपालटं केलं. माळ्यावर त्यांना तो सापडला. त्याला चप्पल घालू दिली नाही. जाताना त्यांनी दार हळू ओढून घेतलं. त्यानंतर तो कुणाला दिसलेला नाही.'

बुटांचं वाक्य अजिबात गाळू नकोस. तिथे पेन थांबतो.

दोन गोष्टी सांगायच्या नाहीत. छापलेलं पत्रक कुणाचं होतं ते. आणि तेव्हा फोनवर तू मला जे शेवटी सांगितलंस ते. त्याने तुझी बाजू पडते. ऐक माझं.

छोटीला मामाचा पापा.

दादा


९ मार्च

टिटवे,

तुझ्यासाठी मी इथे गाठलेल्या वकीलबाईंकडून कळलं. अर्ज फेटाळला. 'जबानी पढवलेली' असा शेरा.

माझं डोकं फिरलं आहे, त्यामुळे आधी ते ऐक. तू म्हणशील, झालं याचं भाषण सुरू. होऊ दे. कुठल्या ग्रंथात लिहिलंय की ज्याचं घर मोडलं त्याने ते मुद्देसूद मोडलेलं असावं? मी इतिहासाची पुस्तकं फुकट वाचली नाहीत. माणूस चालत आला म्हणून शेतं झाली, गावं झाली, भाषा झाल्या. आणि आज एक इसम टेबलामागे बसतो, त्याच्याकडे कारणांची यादी असते. छळ झाला, या. नदी आटली, परत जा. बॉम्ब पडला, या. काम मेलं, परत जा. उपासमार यादीतच नाही, कारण ती ओरडत नाही. लाखो माणसं या सरहद्दीवरून त्या सरहद्दीवर फेकली जातात आणि प्रत्येकाला विचारतात, तुझी गोष्ट काय? जगण्याची परवानगी हवी असेल तर आधी चांगला सांगणारा हो! हा न्याय नाही, ही वक्तृत्वस्पर्धा आहे, आणि बक्षीस म्हणून श्वास घ्यायला देतात.

हं. आता तुझा प्रश्न. तू लिहिलंस, 'मी बुटांचं बोलले तर दुभाषी बाईने मान खाली घातली. साहेबाने कपाटातून एक फाइल काढली, त्यात लाल खुणा होत्या. त्याला माझं पायपुसणं आधीपासून कसं माहीत? आणि तिथे पेन थांबतो हे तुला कसं माहीत?'

अगं, असली माणसं सगळीकडे सारखीच वागतात. घर उद्ध्वस्त करायला येताना बूट पुसणं हा त्यांचा शिष्टाचार असेल. आणखी कुणाच्या घरी पुसले असतील. पेनाचं म्हणशील तर मी आपलं अंदाजाने लिहिलं.

अपिलाला मुदत आहे. वकीलबाई हुशार आहेत, फीसाठी अडून बसणाऱ्यातल्या नाहीत. धीर सोडू नकोस. छोटीला थंडीचे मोजे मिळाले का?

दादा


१७ मार्च

टिटवे,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं.

तुझी गोष्ट अकरा जणांनी सांगितली आहे. ती मी त्यांना दिली.

इथे आल्यावर पहिल्या वर्षी मी एका शिंप्याबरोबर एका खोलीत राहायचो. त्याची बायको आणि दोन मुली शेजारच्या खोलीत, इतर बायकांबरोबर. त्याच्या शहराजवळून वाहणारी नदी धरणं बांधून दुसरीकडे वळवली होती. हळूहळू माणसं उठून गेली. 'मास्तर,' तो म्हणायचा, 'मी दुकान शेवटपर्यंत उघडत होतो. पण माप कुणाचं घेऊ? कुत्र्याचं?' तो हे विनोद म्हणून सांगायचा. अधिकाऱ्याला त्याने हेच सांगितलं असतं आणि आठवड्याभरात चौघांची परत पाठवणी झाली असती.

तुझा तो फोन होऊन तेव्हा दोन महिने झाले होते. त्यानंतर तू फोन घेत नव्हतीस. ते सगळं माझ्या डोक्यात फिरत राहायचं. शिंपी समोर बसून विचारत होता, काय सांगू? आणि मी तोंड उघडलं, तर तुझं घर बाहेर आलं. तुझ्या जागी त्याची बायको घातली आणि तो माळ्यावर लपलेला नवरा झाला. त्याला ओढून नेलं, मारलं, सोडलं. बाकी सगळं तुझं. कणीक, पायपुसणं, हळू ओढलेलं दार.

त्याला राहायचा परवाना मिळाला. बाहेर येऊन म्हणाला, 'बुटांपाशी साहेबाचा पेन थांबला हो!' मग त्याने कुणाला सांगितलं, त्याने आणखी कुणाला. रविवारी धुलाईखान्याच्या वाळवणीच्या खोलीत माणसं माझ्याकडे येऊ लागली. प्रत्येकाला मी थोडं बदलून द्यायचो, कुणाला छापखाना, कुणाला औषधाचं दुकान. बूट मात्र बदलवेनात. त्याच्या तोडीचं मला काही सुचतच नव्हतं. तीच माझी चूक. व्याख्यान देणाऱ्याची चूक. टाळी मिळणारं वाक्य तो सोडत नाही.

यातली सर्वांत वाईट गोष्ट पुढेच आहे. तू तुझ्या पद्धतीने बोलली असतीस तर वाचली असतीस. अडखळत, मागे जात, 'ते राहिलंच' म्हणत. अकरांपैकी एकही तसा बोलला नव्हता. मी तुझी जबानी दुरुस्त केली आणि ती बरोबर त्यांच्यासारखी झाली. खरी असून बारावी नक्कल.

काल शिंप्याकडे गेलो. आता त्याचं स्वतःचं दुकान आहे, दुरुस्तीचं. तो पँटची उसवलेली शिवण परत घालत होता. म्हटलं, बाबा, वकीलबाईंपुढे एवढंच सांग की ही गोष्ट मास्तरांच्या बहिणीची आहे.

तो यंत्र थांबवेना. 'मास्तर, तुम्हीच म्हणालात, आता हे तुझं.'

'म्हणालो होतो.'

'मग दिलेलं परत मागता?'

'तिला परत पाठवतील.'

'आणि आम्हाला?' मग त्याने पायडलवरचा पाय काढला. 'एक सांगतो, हसू नका. परवा भाजी करपली म्हणून मी बायकोवर ओरडलो. म्हणालो, मला माळ्यावरून ओढून काढलं तेव्हा कुठे होतीस तू? ती आधी हसली. मग रडायला लागली. मास्तर, मला कुणी कधी ओढून काढलेलं नाही. आमच्या घराला माळाच नव्हता.'

मी उठलो.

'तुमच्या बहिणीला भाऊ आहे,' तो म्हणाला. 'माझ्या पोरींना मी आहे. जा तुम्ही.'

दाराशी गेलो तेव्हा त्याने हाक मारली. माझ्या कोटाचं बटण लोंबत होतं, ते लावून दिलं. लावताना एकदाही वर पाहिलं नाही.

तुला काय वाटेल ते म्हण. फक्त पत्र फाडायच्या आधी वकीलबाईंचा नंबर उतरवून घे, खाली लिहिला आहे.

दादा


२ एप्रिल

टिटवे,

शिव्यांचं पत्र मिळालं. तीनदा वाचलं. 'तू माझा नवरा अकरा वेळा उचलून नेलास', हे वाक्य मला कुठल्याही सभेत सुचलं नसतं.

आता वकीलबाई काय म्हणाल्या ते शांतपणे वाच.

मी त्यांना सगळं सांगितलं, अकरांची नावं सोडून. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. 'मास्तर, तुमच्या सहीच्या निवेदनाचा उपयोग असा की तुम्ही गोष्टी तयार करता हे सिद्ध होतं. बारावी तेवढी खरी, हे साहेबांनी का मानावं?' मग बराच वेळ काहीतरी लिहीत बसल्या आणि म्हणाल्या, 'त्या अकरा जबान्यांत नसलेलं असं काही तिच्याकडे आहे का? जे कुणी रचणार नाही असं?'

आहे. तुला माहीत आहे, आहे.

चौघांना मेहुणे माळ्यावर आपसूक सापडले नाहीत. एकाने छोटीचा हात धरला. चार वर्षांच्या पोरीला विचारलं, बाबा कुठे? ती बोलली नाही. त्याने तिची करंगळी मागे वाकवायला सुरुवात केली. आणि तू म्हणालीस, 'माळ्यावर.'

ते मी पहिल्याच दिवशी कापून टाकलं होतं. ऐकणाऱ्याला तू आवडेनाशी होशील, म्हणून. असा हिशेब करत होतो मी! पण छोटीची करंगळी अजून वाकडी आहे. वकीलबाई म्हणतात, डॉक्टर हाड पाहून सांगू शकतो की हे तीन वर्षांपूर्वीचं आणि असं मोडलेलं आहे. तो कागद आणि तुझं ते एक वाक्य. एवढ्याने निकाल फिरू शकतो.

तुझं उत्तर मला ठाऊक आहे, तू वकीलबाईंना आधीच दिलं आहेस. 'ते बोलायचं नाही. छोटीला मी झोपाळ्यावरून पडलीस असं सांगितलंय. तिला कळलं तर ती जन्मभर म्हणेल, माझ्या बोटामुळे बाबा गेले.'

टिटवे, तिच्या बोटामुळे नाही, तुझ्या शब्दामुळेही नाही. ते पत्रक माझं होतं. मैदानात ठोकलेलं भाषण मी कागदावर उतरवलं आणि मेहुण्यांच्या हातात दिलं. म्हटलं, पाचशे प्रती काढा, घाबरता काय! आठ दिवसांनी मी सरहद्दीपलीकडे होतो. ते छापखान्यात होते. त्यांनी एकदासुद्धा मला विचारलं नाही की तुम्ही थांबणार ना? विचारलं असतं तर मी काहीतरी सुंदर बोललो असतो.

हे मी माझ्या निवेदनात लिहितो आहे. तुझं तू सांग. छोटीला बाहेर बसवतील, वकीलबाईंनी तसा अर्ज दिला आहे. हात जोडतो.

दादा


२१ एप्रिल

टिटवे,

तुझं उत्तर नाही. सुनावणी मेच्या ८ तारखेला आहे.

मी सही केली. पत्रकाचं लिहिलं आणि करंगळीचंही लिहिलं. छोटीच्या हाताची तपासणी झाली तेव्हा तू तिला नेहमीची तपासणी म्हणून सांगितलंस, असं कळलं. म्हणजे तुलाही जगायचं आहे. त्या एका गोष्टीवर मी ही सही केली.

मला माफ करू नकोस, पण तिथे विचारलं की 'हो' म्हण. एकच अक्षर. पोर बाहेर असेल. भिंतींपलीकडे तिला काही कळणार नाही.

दादा


११ मे

टिटवे,

हे पत्र कुठे पाठवायचं ते मला माहीत नाही. तुम्हाला ज्या देशातून इकडे आलात तिथे नेऊन सोडलं एवढंच वकीलबाईंना कळलं. तिथून ते पुढे कुठे ढकलतात ते कुणी सांगत नाही. लिहून ठेवतो.

सुनावणीच्या दिवशी छोटी तुझ्याबरोबरच आत आली. लहान मुलांपाशी बसणारी बाई त्या दिवशी रजेवर होती. वकीलबाई उठून भांडल्या. साहेब म्हणाला, तारीख पुढे ढकलली तर सहा महिने, तोवर दोघींना बंद कोठडीत ठेवावं लागेल. तू म्हणालीस, घ्या आजच. छोटीला भिंतीकडच्या खुर्चीवर बसवलंस, तिला कागद आणि पेन्सिल दिलीस. तुझी खुर्ची तिच्यापासून चार हातांवर होती. मी दोघींच्या मध्ये मागच्या बाकावर.

साहेब त्यांच्या भाषेत माझं निवेदन वाचत होता तोपर्यंत ठीक होतं. मग दुभाषी बाई ते आपल्या भाषेत सांगू लागली. तिचा तरी काय दोष? तिचं कामच ते. पत्रकाचं झालं. तू हलली नाहीस. चौघे आले, झालं. 'त्यातल्या एकाने मुलीचा हात धरला...'

पेन्सिलचा आवाज थांबला.

तू इतक्या पटकन बोललीस की दुभाषी बाईचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. 'खोटं आहे हे. पोरगी झोपाळ्यावरून पडली होती. माझ्या भावाला लहानपणापासून गोष्टी रचायची सवय आहे, साहेब. आमच्या घरात कुणी त्याचं खरं धरत नाही.'

साहेबाने ते लिहून घेतलं. मान डोलावली. या सगळ्या महिन्यांत त्या माणसाने तुझ्या तोंडचं एकच वाक्य खरं मानलं, ते हे.

मग त्याने मला उभं केलं. विचारलं, तुमचं काय म्हणणं? निवेदनावर ठाम आहात?

वकीलबाई माझ्याकडे बघत होत्या. डॉक्टरांचा कागद त्यांच्या हातात होता. मी 'ठाम आहे' म्हटलं असतं, तर कदाचित तू आज इथे असतीस, माझ्यापासून दोन गल्ल्यांवर, माझं तोंड न बघता, पण असतीस. मी तुझ्याकडे पाहिलं. तू मला डोळ्यांनी विनवत नव्हतीस. लहानपणी मी तुझा भोवरा घेऊन पळायचो तेव्हा बघायचीस तशी बघत होतीस, की हा देतो का नाही ते पाहू. आणि छोटी स्वतःचा हात उलटा करून करंगळी न्याहाळत होती.

मी म्हणालो, 'हो. रचलं मी ते. बहीण खरं बोलते.'

आयुष्यात हजार सभा केल्या. इतकं छोटं भाषण दिलं नव्हतं. वकीलबाईंनी कागद पिशवीत ठेवला आणि पिशवीची चेन लावली, ती मधेच अडकली, त्या ती ओढत राहिल्या.

तुला सह्या करायला आतल्या खोलीत नेलं तेव्हा छोटी माझ्याजवळ बाहेरच्या बाकावर होती. तुला हे माहीत नाही म्हणून सांगतो. ती जरा वेळ पाय हलवत बसली. मग म्हणाली, 'मामा, तू खरंच गोष्टी रचतोस?'

म्हटलं, 'रचतो.'

'आईने सांगितलं नव्हतं कधी. मला एक सांग ना. गाडी येईपर्यंत.'

मला एकही येईना, टिटवे. माझ्या गोष्टींत आजवर फक्त माणसं दारं ठोठावत आली आहेत. शेवटी सुरू केलं की एक धोबी होता, त्याच्याकडे एक एवढी मोठी चादर धुवायला आली की ती वाळत घालायला एक देश पुरेना. तिने लगेच अडवलं. 'मग दुसऱ्या देशात घालायची टोकं. त्यात काय?' म्हटलं, तिथले लोक घालू देत नाहीत. 'का?' म्हणाली. मी विचार करू लागलो आणि गाडी आली. ती उतरून तुझ्याकडे पळाली. दारातून ओरडली, 'मामा, उरलेलं पत्रात लिही!'

मी केलं ते बरोबर की चूक, हे मला कळत नाही. कळेल असंही वाटत नाही. वकीलबाई कामाखेरीज माझ्याशी बोलत नाहीत. शिंप्याने एक दिवस दुकान बंद ठेवलं, कशासाठी ते कुणाला सांगितलं नाही. रविवारी वाळवणीच्या खोलीत परवा तिघे आले होते. मी दार आतून लावून घेतलं. ते बराच वेळ उभे होते. त्यांचं काय होईल ते त्यांचं तेच जाणोत, माझ्याकडे आता कुणाला देण्यासारखं काही नाही.

चादरीचं पुढे लिहिलं आहे, दोन पानं. भाषण नाही, माळा नाही, बूट नाहीत. पोरीला आवडेल असं झालं आहे की नाही ते तीच सांगेल. फक्त कुठे पाठवू ते कळव. शिव्या लिहून कळव. कुणाकडून निरोप धाड. कोऱ्या पाकिटावर नुसता तुझा पत्ता लिहून टाक, एवढा दाबून की मागच्या बाजूने हात फिरवला तरी हा तुझाच हात, हे मला कळावं.

दादा